दुपारी चारचा घुसखोर

काका: अगं, पण राउटर नवा घेतला, बाहेरून येणाऱ्या वाटा बंद केल्या. तरी माझ्या घरातल्या सर्व्हरमध्ये कोणी शिरतंच कसं?

पुतणी: एक वाट उघडी राहिली, काका. फिरायला गेल्यावर घरचे फोटो बघता यावेत म्हणून तुम्हीच ठेवलीत. आणि तिचा पासवर्ड काय, तर आजीचं माहेरचं नाव.

काका: ते आता कोणाला माहीत असणार?

पुतणी: ज्याची आई तीच, त्याला.

काका: कोड्यात बोलू नकोस. चोरीला काय गेलं ते सांग.

पुतणी: काहीच नाही. नोंदी चाळल्या मी. आठ महिने रोज दुपारी चारला कोणीतरी येतं, तुम्ही सर्व्हरवर चढवलेली आजीच्या आवाजाची एक टेप ऐकतं आणि निघून जातं. स्वेटरचे टाके मोजतेय ती.

काका: त्यात ऐकण्यासारखं काय आहे? नुसते आकडे.

पुतणी: मध्येच तुम्हा दोघा भावांना दटावते. मग मोजणं चुकतं, पुन्हा पहिल्यापासून.

काका: येतो कुठून हा?

पुतणी: आमच्या घरून. म्हणूनच फोनवर न सांगता स्वतः आले.

(काका उठून कपाटाचं दार उघडतात. आत सर्व्हरचा पंखा फिरतोय.)

काका: सहा वर्षं तुझ्या बापानं माझं तोंड पाहिलेलं नाही. आईच्या टेपा मी उचलून आणल्या म्हणून. प्रत हवी तर मागायला ये, एवढंच म्हणालो होतो.

पुतणी: आणि बाबा म्हणाले होते, मागणार नाही. शब्द पाळला त्यांनी.

काका: पाळला तर. मागण्याऐवजी घरफोडी केली.

पुतणी: शिवाय एका फोटोखालचं वर्ष बदललंय.

काका: बघ, लावलाच ना हात. ते वर्ष मी स्वतः लिहिलं होतं.

पुतणी: त्या वर्षी बाबा जन्मले नव्हते, काका. फोटोत ते आजीच्या मांडीवर आहेत.

काका: दाखव बघू. हं. असेल, नजरचूक असेल.

पुतणी: मग करू काय? ती वाट बुजवते, पासवर्ड बदलते. दहा मिनिटांचं काम आहे.

काका: बदल. चांगला लांबलचक ठेव. आणि त्याचं एक वेगळं खातं काढ.

पुतणी: फक्त ऐकण्यापुरतं?

काका: दुरुस्त्याही करू दे. बाकीची वर्षं तरी कोणी लिहिलीयत? मीच.

पुतणी: बरं. पण मग दुहेरी कुलूप हवं. आत येताना दर वेळी फोनवर सहा आकडे येतात, ते टाकल्याशिवाय उघडत नाही. बाबांचा नंबर घालते.

काका: माझा घाल.

पुतणी: अहो, मग आकडे विचारायला त्यांना रोज चार वाजता तुम्हाला फोन करावा लागेल.

काका: सुरक्षा म्हटली की थोडा त्रास आलाच.