रानपुदिन्याची जुडी

लढाईचे दिवस, पेट्रोल मिळत नव्हतं. नंदगडच्या थांब्यावर कोळशावर चालणारी मोटार अजून तापायची होती. धुक्यात माझ्या मागं एक म्हातारी आणि एक नवी सून बोलत होत्या.

"गाठोड्यात रानपुदिना हाय न्हवं, पोरी?"

"व्हय, आज्जी. माहेरी गेल्यावर दाट काढा करून पी म्हणाल्यात सासूबाई."

"पी? आम्ही तर ढेकणांसाठी अंथरुणात घालतोय."

"दोन महिनं बाहेर बसले न्हाय मी. अडकलेलं मोकळं हुतंय म्हणं."

"वास सोसतोय तुला?"

"आदी लई आवडायचा. आता मळमळतंय. भाकरीच्या वासानंबी तसंच."

"आणि झोपंत काय दिसतंय?"

"तळं दिसतंय. मी पाण्यात उभी हाय आणि पदरात काय तरी हलतंय. मासा असंल. सोडून द्यावासा वाटत न्हाय."

"ती जुडी आण इकडं. ह्यो पाला आता तुझ्या पोटात जायचा न्हाय."

"सासूबाईंनी इचारलं तर?"

"सांग, वाटंत एका म्हातारीचं डोस्कं दुखत हुतं, तिला चोळायला दिला."

"तुमचं खरंच दुखतंय व्हय?"

"बावीस वर्सं झाली, पोरी. माझ्या सुनंला असाच काढा मी माझ्या हातानं पाजला हुता. तिच्या पदरातला मासा गेला, त्यो पुन्ना आला न्हाय."