तेविसाव्या मिनिटाला चंपा होती

हॅलो?

हॅलो… कौन? जरा ज़ोर से बोलिए भैया, इधर पंखा… कोण, देविका? अगं मग हा नंबर कुठला? … पुण्याच्या मंडळाच्या ऑफिसातला? बरं, बरं. मला वाटलं, पुन्हा ते विमावाले.

हो, मिळाले ना इअरफोन! परवाच मिळाले. कुरिअरवाला दतिया गेटपाशी उभा राहून तासभर विचारतोय, ‘सरला जी कौन हैं?’ आता मला इथे झाशीत सरला म्हणून कोण ओळखणार? ‘कीर्तनवाली बाई साब’ म्हटलं असतं तर म्हशीनंसुद्धा घर दाखवलं असतं.

घातले गं, लगेच घातले. … नाही, लगेच नाही जमलं, खोटं कशाला बोलू. वायर कानामागून वळवून घ्यायची, हे कुणी सांगायचं? मी आपली समोरून लोंबत सोडली. एक गोळी कानात, दुसरी वरणात. … हस, हस! तुझ्या मावशीची फजिती ना? आणि ह्या फोनला भोकच नाही मेलं. शेवटी तुझ्या काकांनी डबीतून ती इवलीशी शेपटी शोधली, ती मध्ये जोडली, तेव्हा कुठे देव बोलला.

कसे वाटले? … सांगते ना. ऐक. तू म्हणाली होतीस, एकाच गोळीत दोन प्रकारची यंत्रं असतात, घुमाऱ्याला एक आणि बारीक आवाजाला दुसरं… हां, तेच, हायब्रिड. तर ते कळतं गं! एका घरात दोन चुली मांडल्यासारखं वाटतं. डग्गा असा येतो, की छातीत मऊ हात ठेवावा कुणी. आणि झांज! झांज वाजते ते सगळेच ऐकतात, पण ती वाजून झाल्यावर विरत जाते ना, ते शेवटचं टोक मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. उभं राहून कीर्तन करणाऱ्याला ते कधी ऐकूच येत नाही. डोळे मिटून ऐकत बसले, दूध उतू गेलं.

दोष? आहेत की. पेटी बिचारी ना ह्या चुलीवर ना त्या. मागच्या खोलीत बसून वाजवल्यासारखी येते. आणि माझा ‘स’! ‘सुदामा सखा’ म्हटलं की कानात शिट्टी. … हो, मोठी रबरी टोपी लावून पाहिली. थोडी कमी झाली. नाही, भागत नाही तेवढ्यानं. माझे दातच तसे असतील.

लिहून घेतेयस? कशाला? … मंडळाच्या पानावर? ‘ज्येष्ठ कीर्तनकार काय म्हणतात’? … थांब. थांब देविका. आधी दुसरा अभिप्राय लिहून घे. कीर्तनाचा.

हो, म्हटलं होतं ‘छान’. मंगळवारी म्हटलं होतं. फोन ओट्यावर ठेवून, फोडणीच्या तडतडीत ऐकलं होतं ते तुमचं रेकॉर्डिंग. ते ‘छान’ मी परत घेतेय.

म्हणजे काय म्हणजे? परत घेतेय. आज संध्याकाळी पाच वाजता तुमच्या मालिकेत माझं कीर्तन लावायचं नाही.

… बस आधी. पाणी पी. नाही, माझे कान कुणीही भरलेले नाहीत. तुझे काका तर उलट म्हणतायत, जाऊ दे.

समोर मशीन आहे का? मग लाव. तेविसावं मिनिट. … लावलंस? सुदामा द्वारकेहून परत निघालाय. मी म्हणतेय, ‘पोह्यांची पुरचुंडी गेली, आणि हातात काही आलं नाही…’ हं. पुढे? तंबोरा ऐक. माझा गळा नको, तो यंत्राचा ऐक. पंचमानंतर तीन षड्ज यायला हवेत. किती आले? … दीड! दीड आला आणि पुन्हा पंचम. माणूस छेडत असता तर म्हटलं असतं, डुलकी लागली. यंत्राला लागते का डुलकी? आणि माझा श्वास बघ. आत घेतलाय, सोडलाय कुठे? अर्ध्या श्वासावर मी गजर सुरू केलाय. खरंच असं केलं असतं, तर मी तिथेच कोसळले असते गं.

ओट्यावरच्या फोनमध्ये हे कळलं नाही. तुमच्याच इअरफोननी चुगली केली.

नुसता गोंगाट काढलात? … कसला गोंगाट? खोकला काढा, खुशाल काढा. ई-रिक्षाचा भोंपू काढा. पण तेविसाव्या मिनिटाला खोकला नव्हता, देविका. तिथे चंपा होती.

‘कोण चंपा’ काय विचारतेस! बडा बाजारात हार विकते ती. गोकुळाष्टमीच्या सप्ताहात तू तुझं ते मशीन घेऊन देवळात आलीस, तेव्हा तुझ्या केसांत गजरा कुणी माळला होता? … आठवली? हां, तीच. पुढे, खांबाला टेकून बसते ती. चौदा वर्षं येतेय. मराठी येत नाही तिला. मी गाते मराठीत, आणि मग तिच्यासारख्या दहा-बाराजणींसाठी हिंदीत सांगते. नाही समजलं तर बाकीच्या गप्प बसतात. चंपा विचारते. भर कीर्तनात, हात वर करून.

त्या दिवशी काय विचारलंन, आठवतं? … मी सांगते. ‘खाली हाथन लौटा दओ? ऐसो कैसो यार?’

अगं, चाळीस वर्षं मी सुदाम्याचं आख्यान लावतेय. चाळीस वर्षं तो रिकाम्या हातांनी निघतो, आणि मी साकीच्या दोन ओळी म्हणून पुढे जाते. मला कधी सुचलं नाही गं थांबायचं! तिनं अडवलं म्हणून थांबले. आणि देवानंच तोंडात घातलं, मी म्हटलं, ‘सामने देता, तो यार की गर्दन झुक जाती, चंपा. इसलिए पीठ पीछे दिया.’

हे माझ्या वहीत नाही. कुठल्या गुरूनं दिलेलं नाही. तिच्या प्रश्नातून आलं.

आता तुमचं ऐक. ‘हातात काही आलं नाही’, आणि लगेच गजर. मग गजर रडवेला का आहे? लोकांचे गळे का भरलेत? ते डाव्या कानात नीट ऐक… पेटीचा भाता मध्येच थांबलाय. हरिभाऊ नाक पुसतायत. पुण्याचा माणूस ऐकेल तर म्हणेल, झाशीचा पेटीवाला कच्चा आहे. रडणं ठेवलंत, आणि रडवलं कुणी तेच काढून टाकलंत!

… देविका.

देविका, तुला माहीत होतं?

… हं.

… रडू नकोस. मला आवाजावरूनच कळलं होतं, तुला माहीत होतं ते. गजरा माळून घेतलास आणि… जाऊ दे. नाही, रागावले नाही. रागावलेय, पण तुझ्यावर कमी. कात्री कुणी चालवली? … नचिकेत? तो बाजूला बसलाय का? मग दे त्याला फोन. खाणार नाही मी त्याला, आज एकादशी आहे.

हं, नचिकेत. नमस्कार, नमस्कार. … नाही हो, सफाई उत्तम केलीत. पंख्याची घरघर अशी उचललीत, की पत्ता नाही. हात चांगला आहे तुमचा. म्हणून तर वाईट वाटतं.

हो… हो… मालिका मराठी कीर्तनाची आहे, मान्य. … अध्यक्षांचं धोरण. बरं. ‘हिंदी नको.’ … किती मिनिटं भरलं सगळं हिंदी? … अकरा! अकरा मिनिटं काढलीत? मला एकच जागा सापडली होती. बघा, अजून कान तयार व्हायचेत माझे.

ऐका ना, नचिकेत. आमचे पूर्वज इकडे आले, ते कीर्तन गाठोड्यात बांधून घेऊन आले. पण ऐकणारे गाठोड्यात बांधून आणता येत नाहीत. ते इथलेच मिळाले. माझी नात रेवती, तिला माझं मराठी सगळं कळतं, आणि उत्तर देते हिंदीत. मग तिलाही कापू का पंगतीतून? … नाही, तुम्ही तसं म्हणाला नाहीत. तुमच्या कात्रीनं म्हटलं.

शुद्ध? … शुद्ध कुणाला हवंय हो? मी नारदाच्या गादीवर उभी राहते. तो तर तिन्ही लोकांत हिंडायचा. प्रत्येक ठिकाणी काय एकाच बोलीत बोलला असेल?

खाली पट्टी? … म्हणजे चंपाचं बोलणं मराठीत लिहून दाखवायचं. हो, चालेल, छान आहे की! जरूर लिहा. आणि आवाज? … आवाज नाही? नुसती पट्टी? अहो, मग ती बोलली कुठे?

… विचारा. विचारा अध्यक्षांना, मी थांबते. अहो, ऐकलंत का, दाढी राहू दे, आधी गॅस बंद करा ना, साबुदाणा तळाला लागेल. … काही नाही, विचारायला गेलाय. … नाही, नमतं नाही घेणार मी. तुम्ही तुमची दाढी करा.

हं, बोला. … बरं. … बरं. … म्हणजे प्रश्न ठेवतील, पण माझं हिंदी उत्तर काढून मी ते मराठीत परत बोलून पाठवायचं. घरी बसून. फोनमध्ये. … आणि गहिवर कुठून आणू? तोही तुमच्या मशीनमध्ये मिळतो का?

नाही. नाही म्हणजे नाही, नचिकेत. चंपा आहे तर मी आहे. माझं नाव काढा. पोस्टरवरून काढा, यादीतून काढा. … असू दे पहिलं. पहिलं काढा. … हो, कळतंय मला, पुन्हा विचारणार नाहीत. नका विचारू. … नाही बाळा, तुमच्यावर राग नाही. तुम्ही नोकरी करता. देविकेला द्या.

हं, बोल.

… हवं होतं गं. खोटं कशाला बोलू? पुण्यात आपलं कीर्तन ऐकलं जावं, हे कुणाला नको असतं? चाळीस वर्षांत तिकडून एक पोस्टकार्ड आलं नाही मला. पोस्टर आल्या दिवशी तुझ्या काकांनी ते शेजारी-पाजारी दाखवून आणलं. स्वतः, ह्या गुडघ्यांनी. … हो, वाईट वाटतंय. वाटू दे. वाईट वाटणं वेगळं आणि वाईट करणं वेगळं.

अभिमान? … असेल. देवासमोर उभं राहायला तेवढा लागतो.

अगं, अजिबात नको! ती न कापलेली सगळी फाइल गुपचूप पाठवायची नाही मला. मंडळाची आहे ती. चोरून आणलेलं कीर्तन मी ऐकायचं नाही. … आणि इअरफोन? ते मंडळाचेच ना? उद्या कुरिअरनं परत पाठवते. … तू घेतलेस? तुझ्या पगारातून? … मग ठेवते. नाही, ठेवते ना! नको का म्हणेन? त्यांनी काय वाईट केलं? घरात खरं बोलणारं एक तरी असावं.

संध्याकाळी? उभी राहणार म्हणजे काय! एकादशी आहे. पाच वाजता, तिथेच. … किती माणसं? असतात की बारा-पंधरा. … हो. बारा माणसांसाठी. तुमच्याकडे काय, हजारांत ऐकतात म्हणे. एकजण तरी हात वर करतो का गं?

नाही! तिला काही सांगायचं नाही. ऐक देविका, हे नीट ऐक. तू कधी आलीस इकडे, तरी चंपाला ह्यातलं अक्षर सांगायचं नाही. काकांनाही मी बजावलंय. … का काय? तिला कळलं ना, की आपल्या बोलण्यानं बाई साबचं पुणं गेलं, तर आज संध्याकाळपासून तोंडाला पदर लावून बसेल ती. चौदा वर्षांत जमा झालेली हिंमत एका दिवसात जाईल. मग मी गोष्ट कुणाला सांगू? खांबाला?

… येशील? कधी? … ये. मशीन नको आणूस. नुसती ये, पुढे बस.

आता ठेवते. फराळ व्हायचाय, आणि आख्यान बदलायचंय. … नाही, सुदामा नाही लावत आज. आज द्रौपदीची थाळी. त्यात एक जागा आहे, माझी मलाच नीट उलगडलेली नाही. बघू, चंपा काय विचारते.

ठेवते गं. रामकृष्णहरी.