हस्ताक्षर एक कोणाचं

माहं माहेर पांढुर्णा, सासर सौंसर, काय सांगू तुम्हाला, साऱ्या जिंदगीत मी इथून तिथं एवढीच हलली. बाबा शायेत मास्तर होते. आमी दोघी बहिणी, मी वच्छला मोठी आन शकुंतला, म्हणजे शकू, माह्या पाठची. ती गोरी, मी सावयी, पण त्याचं मले कधी काही वाटलं नाही. मले जे वाटलं ते शॉर्टहँडवरून वाटलं.

आता तुमी म्हणान पांढुर्ण्यात तवा पोरीइले शॉर्टहँड कोठून आलं, त आमच्या गल्लीत एक म्हातारे स्टेनो राहाले आलते, नागपूरच्या कचेरीतून रिटायर झालेले, त्याइले आमी सर म्हणो. त्याइनं सोताच्या निशाण्या बसवल्या होत्या, आडवी रेघ म्हणजे एक अक्षर, वाकडी केली का दुसरं, जाड केली का तिसरं, माणूस बोलते तितक्या झपाट्यानं कागदावर उतरवाचं आन मंग वाचून दाखवाचं. देश नुकताच सुटला होता, राज्यं नव्यानं बनून राहिली होती, कोणी म्हणे पांढुर्णा नागपूरसंग जाईन, कोणी म्हणे नाही, मध्यप्रदेशातच राहीन. त बाबा म्हणाले असं करू, वच्छला मराठीचं शिकन, शकू हिंदीचं, राज्य इकडं जावो का तिकडं, एकीले त नोकरी लागन.

मी खूश झाली ना, मराठी म्हणजे घरचीच. आन माहा हात तेज होता, खोटं नाही सांगत, सर बोलत जाये आन माही पेन्सिल त्याइच्या तोंडासंग चाले, शकू मधातच थांबे, म्हणे सर जरा हयू. सर तिले म्हणे, वच्छलाचा हात पाह्य. दोघी नागपूरले परीक्षेले गेलो, दोघी पास झालो, पण मी वर होती. मी जामसांवलीच्या मारुतीपुढं उभी राहून मांगितलं का देवा, आमचं गाव नागपूरसंग जाऊ दे. शकू माह्या बाजूले डोये मिटून उभी, तिनं काय मांगितलं ते मले आजलोक माहीत नाही, पण मले वाटतेच.

मंग राज्य तुटलं. नागपूर तिकडं गेलं, आमी इकडंच राहिलो, राजधानी भोपालले. शकूले तिथून नोकरीचं बोलावणं आलं, मामा रेल्वेत तिथंच होते, म्हून बाबाइनं जाऊ दिलं. बाबा पुढच्या टेशनालोक, तिगावलोक, गाडीत बसून गेले तिले पोचवाले, आन परत आले त डोये लाल. मले म्हणे वच्छे, तूबी रडून घे. मी म्हटलं मले चुलीचा धूर लागून राहिला. रडली मी, पण ती गेली म्हून नाही, मी राहिली म्हून.

मंग बाबा मले घेऊन नागपूरले गेले, त तिथले साहेब म्हणे, आमचेच लोक खुर्चीवाचून बसले आहेत, तुमी त दुसऱ्या राज्याच्या झाल्या. झालं. सौंसरले लग्न झालं, घरचा संत्र्याचा बगीचा, माणूस चांगला, तक्रार कशाची करू. पण शकू दिवायीले ये, हातात घड्याय, खांद्याले पर्स, माही सासू तिलेच जवय बसवे, विचारे, काव शकू, मंत्री जवून कसा दिसते? ती सांगे आन मी तिकडं पुऱ्या तयो. ती गेली का सासू बोलत राहे आन मी मांडीवर बोटानं निशाण्या काढत राहो, सासूचं बोलणं, रेडिओच्या बातम्या, बायाइचं भांडण, सगयं. हात मी मरू नाही देल्ला.

यंदा शकूची नात आली भोपालहून, ईशा, कॉम्प्युटरचं काम करते. म्हणे मोठी आजी, सरांच्या निशाण्या कॉम्प्युटरमध्ये अक्षर म्हणून टाकायच्या आहेत. मी म्हटलं मोबाइलनं फोटो काढ ना. म्हणे फोटो म्हणजे चित्र झालं, त्यात कोणी शोधू शकत नाही, एकेका निशाणीला आपला नंबर भेटला पाहिजे, जसा क ला आहे, मग कोणीबी टाईप करेल, कोणत्याबी मशीनवर तेच दिसेल. पण हे नंबर ठरवणारे लोक विचारतात का एकाच बाईनं लिहिलं त अक्षर कसं मानाचं, दुसरं कोणी लिहीत होतं का. तवा शकूनं सांगितलं, वच्छलाताईकडं जा.

कागद काढला पोट्टीनं. वर हस्ताक्षर एक, त्यात शकूच्या निशाण्या. खाली हस्ताक्षर दोन, रिकामं, ते माहं. या वयात, पाहा तुमी! मी म्हटलं मले नाही जमत आता. ती बसूनच राहिली, म्हून मी शकूच्या निशाण्या पाहाले लागली, आन त्यात ळ नव्हता. हिंदीत लागतच नाही ना. आमी बोलतानी डोया म्हणतो, पण सर लिवतानी ळ सोडू देत नसे. मले असं बरं वाटलं, काय सांगू, पोटभर जेवल्यासारखं. मी म्हटलं सगयं लिहून देते, ळ बी देते, पण वरचं हस्ताक्षर माहं टाक. म्हणे मोठी आजी, वरखाली असल्यानं काही फरक नाही पडत. मी म्हटलं नाही पडत त टाक ना मंग.

तिनं तिथंच भोपालले फोन लावला, आवाज मोठा केला. शकूनं आयकलं, जराशी खोकलली, म्हणे टाक बेटा, ताईचंच वर टाक, हात तिचाच चांगला होता. इतक्या सहज. जिंदगीभर मले हेच आयकाचं होतं, आन आयकलं त जीव आणखीनच जयला, का हेबी तिनंच द्याचं आन मीनं घ्याचं.

लिहून देल्लं मी. ते लोक अजून ठरवूनच राहिले म्हणे. शकूचा फोन येते, तिचे गुडघे गेले, माहेबी गेले, आमी दुखण्याचंच बोलतो. रोज दिवा लावतानी मी देवाले म्हणते, माह्या शकूले लंबी उमर दे, सुखात ठेव तिले. आन मले तिच्याहून एक दिवस जास्त दे.