पिशवीभर लाडू

मूर्तिजापूरहून अमरावतीला निघालेल्या एसटीत माझ्या शेजारी एक नवरा-बायको बसले होते. पोरीच्या सासरहून परतत होते. नवऱ्याच्या मांडीवर डिंकाच्या लाडवांची पिशवी.

"लाडू चांगले झाले, असं तीनदा म्हनाची काय गरज होती तुमाले?"

"तूच त म्हनली, इहीनबाईसमोर खरं बोलू नोका!"

"मांगच्या येळी तुमी दगड हायेत म्हनले, त पोरगी महिनाभर बोलली नाई."

"म्हनून त या येळी चांगले म्हटलं! त इहीनबाईनं अजून दोन वाढले. ते खाल्ले त तोंडाकडेच पाहून रायली. मंग काय म्हनू? पुन्हा चांगलेच म्हटलं. आता हे पिशवीभर बांधून देल्ले. माह्या दाढेले इचार!"

"हळू बोला, लोकं पाहून रायले."

"हासून त तूच रायली!"

"फेकून द्या मंग."

"पोरीच्या घरचं फेकू?"

दोघंही एकदम माझ्याकडे वळली.

"भाऊ, एक लाडू घ्या ना. कसा लागते, सांगा बरं."

मी लाडू संपवेपर्यंत दोघं माझ्या तोंडाकडे पाहत होती. मी जिभेनं दात चाचपले. सगळे होते.

"चांगला झाला हो काकू."

"अहो, आवडला भाऊले! द्या ते पिशवी इकडं!"