कार्डावरचं वजन

(आखातातल्या उम्म अल हस्सम भागातला फ्लॅट. सासू मसूदा, सून सुहा. पलंगावर चार महिन्यांची इक्रा.)

मसूदा : हिला दोन दोन डायपर कशाला गो घातलेस?

सुहा : राहू द्या, अम्मी. इक्बाल खाली गाडी काढतायत. हेल्थ सेंटरची अपॉइंटमेंट दहाची आहे.

मसूदा : आणि आतला भिजलेला हाय.

सुहा : मुद्दाम ठेवलाय. तिथे डायपरसकट वजन करतात. मागच्या वेळी भरलं नाही, तर नर्सने सगळ्यांसमोर विचारलं, दूध पिलाती हो कि नहीं? मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

मसूदा : काढ तो.

सुहा : शंभर-दीडशे ग्रॅमचा तर प्रश्न आहे. पुढच्या महिन्यात भरेल ती, इंशाल्ला.

मसूदा : मीपण असंच म्हटलं व्हतं. उबेदच्या वेळेला.

सुहा : यांचा मोठा भाऊ? तो न्युमोनियाने गेला ना?

मसूदा : न्युमोनिया मागनं झाला. आधी तो सुकत चालला व्हता. दर महिन्याला कार्डावर लाल खूण, आणि घरी आलं की सासूचं बोलणं. तेव्हा आम्ही दोघी जावा इथंच बाजूला, माहूजला एकाच घरात. शाजियाभाभीचा फराज वीस दिवसांनी मोठा, चांगला गुटगुटीत. तिसऱ्या महिन्याला मी उबेदचं कार्ड घेतलं आणि फराजला नेला.

सुहा : उबेद म्हणून?

मसूदा : टोपडं घातलं की दोघं सारखेच दिसायचे. नर्स खूश झाली. म्हणाली, आता दोन महिन्यांनी आणा. मीपण खूश झाले गो. कार्ड नेऊन सासूच्या हातात दिलं. सतरा दिवसांनी उबेद गेला. त्याला नेला असता, तर तिथनंच इस्पितळात पाठवला असता.

सुहा : यांना माहितीये?

मसूदा : कुणालाच नाय. भाभीला वाटलं, मी फराजला फिरवून आणला. आता चाळिशीचा झाला तो. ईदला येऊन मिठी मारतो, तेव्हा अंगावर काटा येतो माझ्या. वाटतं, माझ्या पोराचं वजन हाच घेऊन फिरतोय.

सुहा : थांबा. काढते. एक कोरडा द्या.

मसूदा : घे. नर्स ओरडली तर ओरडू दे. मी येते संगती, मी ऐकून घेईन.

सुहा : अम्मी, उबेदचं खरं वजन किती होतं तेव्हा?

मसूदा : काय ठावूक. त्या दिवशी तो घरी व्हता.