विड्यापुरते दात

(अकोला, जठारपेठ. १९६६च्या चैत्रातली दुपार. डॉक्टर कमलाकांत यांचा दातांचा दवाखाना. खुर्चीत नांदगाव खंडेश्वरकडचे शेतकरी खुशालराव, तोंड उघडून. बाकावर त्यांची बायको पार्वताबाई.)

डॉक्टर : पण इथे पाच दात असायला हवेत. तुमच्या मुलीनं, बेबीताईंनी, चिठ्ठीत लिहून दिलंय. वर दोन, खाली तीन. मला तर एकही दिसत नाही.

खुशालराव : व्हते. मागच्या बाजारी काढून टाकले.

डॉक्टर : दुखत होते?

खुशालराव : नाई जी. वावर मोकळं केलं.

पार्वताबाई : बाजारातल्या दातवाल्यापुढं जाऊन बसले अन पाचही उपटून घेतले, कापसाच्या पऱ्हाट्या उपटाव्या तसे. चांगले व्हते, डाक्टरसाब. त्याच दातायनं संक्रांतीले ऊस सोलला यायनं.

डॉक्टर : काढायला सांगितलं कुणी?

खुशालराव : तुमीच.

डॉक्टर : मी तुम्हाला आज पहिल्यांदा पाहतोय.

खुशालराव : मी तुमाले पायलं हाये. दिवाळीच्या अगुदर नांदगावच्या शाळेत आल्ते तुमी. फळ्यावर खडूनं जबडा काढला व्हता.

डॉक्टर : राखुंडी सोडा, ब्रश वापरा, एवढंच सांगायला आलो होतो.

खुशालराव : ते कोनी ऐकलं नाई. शेवटी तुमी सांगतलं, का बाहेरच्या देशात डाक्टर लोक जबड्याच्या हाडात धातूचं मूळ रोवतात, अन त्याच्यावर दात बसवतात. सांगतानी तुमी खिडकीबाहेर पाहून रायले व्हते. आवाजबी बदलला तुमचा. मी म्हनलं, हा मानूस खरं बोलून रायला.

डॉक्टर : खरंच बोलत होतो.

खुशालराव : मंग तुमीच म्हनलं, जागा मोकळी पायजे. आता पाच धसकटं ठेवून कोनी पेरते का?

डॉक्टर : जिथे दात आधीच गेलाय ती जागा, असं म्हणालो असेन. म्हणायला हवं होतं.

पार्वताबाई : तवापासून यायले सपनं पडून रायली. मले उठवून सांगतात.

खुशालराव : सपन एकच हाये. माह्याच तोंडातून मी चालून रायलो. काळं वावर. धुऱ्याच्या बांधावरून पायतो तं तासाच्या दोन ओळी पांढऱ्या फक, कपाशी फुटल्यावानी. वारा नाई, पाखरू नाई. एक बोंड धरून ओढतो, तं ते हालत नाई. दात व्हय तो. मंग मी तिथंच बसून रायतो. लय थंड वाटते.

पार्वताबाई : मलेबी पडलं एक डाव. यायच्या तोंडात कापूस आला अन मी येचनाऱ्या बाया पाहत गावोगाव फिरली. तोंडात जाले कोनी तयार नाई. दुप्पट रोज मांगत.

डॉक्टर : मलाही पडतं. मी ते मूळ बसवलेलं असतं आणि समोर कुणीतरी पेरू खात असतं. माणूस दिसत नाही, नुसता खाण्याचा आवाज येतो. जागा झालो तरी थोडा वेळ येत राहतो.

खुशालराव : मंग बसवा.

डॉक्टर : नीट ऐका. दाताचं मूळ आहे तोवर जबड्याचं हाड भरलेलं राहतं. मूळ गेलं की हाड झिजतं, शेताचा बांध वाहून गेल्यावर माती जाते तसं. कवळी नुसती हिरडीवर बसते. हाडात काही जात नाही. म्हणून ही धातूची मेख. बोटाच्या पेराएवढीसुद्धा नाही, पण थेट हाडात. मग कितीतरी महिने तिच्यावर भार द्यायचा नाही. हाडानं तिला धरलं, तर वर दात बसवायचा. काहींचं हाड धरतं. काहींच्यात पू होतो, मेख सुटून येते. तिकडंही अजून चाचपणीच चालू आहे.

खुशालराव : अन इथं?

डॉक्टर : इथे मी फक्त वाचलंय. मासिकही दोन वर्षांचं जुनं, अमरावतीच्या एका मित्राचं. परत द्यायचं राहिलंय.

खुशालराव : अमरावतीले होते का मंग?

डॉक्टर : अमरावतीत मासिक होतं. आता तेही नाही.

खुशालराव : मले अखाजीले पायजे व्हते.

डॉक्टर : अखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, तर तीन आठवड्यांवर आली. एवढी घाई कशाची?

पार्वताबाई : साठी हाये यायची. पोरगा म्हनते, माय-बापाचं पुन्ना लगीन लावतो. हार घालाचे, अन इडा तोडाचा. बायकोनं दातात धरलेला इडा नवऱ्यानं दातानं तोडाचा, तो.

खुशालराव : आमचं लगीन झालं तवा ही अकरा वर्सांची, मी सोळाचा. हिनं इडा धरला, मी तोंड पुढं नेलं, तं हिनं सारा आत ओढला अन खाऊन टाकला. मांडव हासला. हिचा रिद्धपूरचा मामा तं खाली बसून हासला. चव्वेचाळीस वर्सं झाली. अजून पोळ्याले कोनी ना कोनी इचारते, खुशाल, इडा भेटला का? मले एक डाव तो तोडाचा हाये.

डॉक्टर : खुशालराव, विडा त्या पाच दातांनी तुटला असता.

खुशालराव : पाचायचा भरोसा नाई वाटला. हिची पकड तुमाले माईत नाई.

डॉक्टर : त्या पाचांना तार अडकवून मी बाकीचे खोटे दात घट्ट बसवून दिले असते. आता हिरड्या भरायलाच दीड-दोन महिने लागतील. मग पूर्ण कवळी करू. चांगली करून देईन. अखाजीला मात्र तोंडात काही नसेल.

खुशालराव : काईच नाई?

डॉक्टर : जीभ असेल.

खुशालराव : मंग इडा राहू दे. पोराले सांगू, हार घाला, पंगत उठवा.

पार्वताबाई : डाक्टरसाब, हिरडीनं पान तुटते का?

डॉक्टर : पान कोवळं असेल, आत सुपारी नसेल आणि समोरच्यानं ओढलं नाही, तर तुटावं.

खुशालराव : समोर ही बसनार हाये.

पार्वताबाई : सारे म्हनतात, पार्वतानं खुशालले हरवलं. म्या कोनाले हरवलं नाई. लगनाच्या दिवशी पहाटपासून मले उपाशी ठेवली व्हती. हळद झाली, आंघोळ झाली, सांजेले लगीन लागलं, पन पोरीनं काई खाल्लं का हे कोनी इचारलं नाई. दिवसभरात तोंडापाशी पयली वस्तू आली ते इडा. भूक लागली व्हती, खाल्ला.

खुशालराव : हे तू कधी सांगतलं नाई.

पार्वताबाई : तुमी तरी कधी इचारलं? सपनं तेवढी सांगतली.

खुशालराव : अन अखाजीले?

पार्वताबाई : अखाजीले मी आधी जेवून घेईन.