एकाच चेहऱ्याचं कुलूप

(कामठ्याची मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची गावजत्रा, होऊन दोन दिवस झालेत. उमरावच्या अंगणात धानाचे भारे, आणि बाजेवर दोघे जुळे भाऊ, साठी ओलांडलेले. उमराव शेती पाहतो, केवळरामचं कुडव्याला किराणा दुकान. दोघांच्या मधे निळ्या कव्हरचे, अगदी सारखे दोन फोन. मंडईच्या गडबडीत एकाच बोर्डावर चार्जिंगला लावले होते, आणि जाताना केवळरामने भलताच उचलला. शांतीबाई, उमरावची बायको, चुलीपासून अंगणापर्यंत फेऱ्या मारते आहे.)

उमराव : अना तुनं खोलला कसा? कुलूप होतं ना त्याले!

केवळराम : मी कुठं खोलला यार? तोच खुलला. सकाळी उठलो, बोट ठेवाले गेलो, त बोट टेकाच्या आधीच मोकळा. मले वाटलं, माया पोरानं, वीरेंद्रानं रात्री काही सेटिंग बदलली. मंग आत पाहतो त तुया बैलाचा फोटो.

उमराव : तुहावाला दीड दिवस मायाजवळ पडून आहे. तोंड दाखवलं, अंगठा लावला, दाही बोटं लावून पाहली. ढिम्म.

केवळराम : मायावाल्याले बोट लागते ना गा! तुहावाल्याले थोबाड. अन थोबाड त आपलं एकच आहे.

उमराव : वा रे वा. म्हणजे तू माया घरात डायरेक्ट चुलीपर्यंत, अना मी तुया दारात उभा.

शांतीबाई : भाऊजी, तुमच्या वीरेंद्रानंच लावून देल्लं ते. दिवाळीत बसला होता इथंच. म्हणे मोठ्या बाबाचं बोट मशीन घेऊनच नाही राहिली, तोंडच लावा लागल. राशनच्या दुकानात बी तसंच. याइचा अंगठा कधी उमटला? मलेच जा लागते.

केवळराम : कसा उमटल वहिनी? चाळीस वर्सं विळा, धानाचा रोवणा, चिखल. रेघाच घासून गेल्या. माई बोटं पाहा, साखर-डाळ मोजून मोजून कशी गुळगुळीत. टच केलं की खुल जा सिमसिम.

उमराव : हाव, बसल्या जागची बोटं.

शांतीबाई : त्या मशीनीचं काय घेऊन बसले तुमी? लग्नानंतर सालभर मी तरी कुठं वळखे? पाठमोरा मानूस दिसला की आधी खोकू देत जाय. खोकला की समजे, हा आपला. बसा, चहा मांडते.

केवळराम : ... गेल्या का आत?

उमराव : गेली. काऊन?

केवळराम : दसऱ्याच्या आधी नागपूरले कायले गेला होता तू?

उमराव : पंपाची मोटर दाखवाले. तुले सांगलं होतं.

केवळराम : कोनती मोटर? छातीतली?

उमराव : हळू बोल.

केवळराम : हळूच बोलून राहिलो. जोरात बोललो असतो त आतापर्यंत आखं कामठा जमा झालं असतं. मेसेज आला काल, दवाखान्याचा. मी शोधाले गेलो नाही उमराव, देवाशप्पथ, तो समोरच आला. 'एकवीस तारखेला भरती व्हा. सोबत एक जवळचा नातेवाईक आणा.' अन त्याच्या वर तुहा आधीचा आवाज. तू बोलून पाठवलं होतं, 'सायेब, माया सोबत येनारं कोनी नाही. मी एकटाच येतो.'

उमराव : तू ते ऐकलं?

केवळराम : तीनदा ऐकलं. तिसऱ्या बारीले दुकानाचं शटर खाली घेतलं, भर बाजाराच्या टायमाले. गिऱ्हाईक बाहेरून आवाज देऊन राहिला, 'भैया, तेल देना,' अन मी आत तेलाच्या डब्यावर बसून. कोनी नाही? मी मेलो का?

उमराव : तसं नाही गा...

केवळराम : मंग कसं? एका पोटातून आलो आपन. तुहा फोन माया तोंडाले मालक समजते, अना तू म्हंते कोनी नाही!

शांतीबाई : घ्या चहा. काय झालं? तोंडं काऊन उतरली दोघाईची?

केवळराम : काही नाही वहिनी. हे... कुलपाचंच चाललं आहे.

उमराव : हाव. बदलून टाक म्हटलं ते. कोनाचं बी तोंड पाहून खुलते, ते कायचं कुलूप? बोटाचं लाव. माया बोटाबिगर कोनाले खुलाले नाही पाह्यजे.

केवळराम : पाहा वहिनी, मालकाले राग आला. बरं, बोट त बोट. तुहा चार आकडी नंबर टाक इथं. टाकला? आता अंगठा ठेव. उचल. ठेव. उचल. अरे, दाबू नोको इतका, ते काही ढेकूळ नाही फोडाचं!

उमराव : काय म्हंते?

केवळराम : म्हंते, पुन्हा प्रयत्न करा.

शांतीबाई : अशी नाही घेत ती. थांबा, कोमट पानी आनते अना खोबऱ्याचं तेल. बोटं जराशी शेकली की भेगा नरम पडतीन. विळ्यानं अशी चिरली आहेत बोटं, अना सांगतीन कधी? यायले काही झालं त हे भिंतीले सांगतीन, मले नाही.

केवळराम : ... ऐकलं?

उमराव : ऐकलं.

केवळराम : वहिनीले नाही सांगलं, समजू शकतो. पोराले नाही सांगलं, तो पुण्यात आहे, चलो ठीक. पन मले? का तुले वाटलं मी येनार नाही?

उमराव : तू येशीन म्हणूनच नाही सांगलं.

केवळराम : म्हणजे?

उमराव : डॉक्टरनं फोटो काढले छातीचे. तीन नळ्या बंद आहेत म्हणे, छाती उघडा लागल. मंग पुसलं, घरी भाऊ आहे का? मी म्हटलं, आहे, जुळा आहे. त तो असा सरसावून बसला! म्हणे, त्यायले घेऊनच या, त्यायची बी तपासनी करा लागल. जे तुमाले आहे ते त्यायले बी असू शकते. तेव्हा मले जे भेव वाटलं ना केवळ्या... माया नळ्यांचं ऐकून नाही वाटलं तसं.

केवळराम : अन मंग?

उमराव : मंग मी म्हटलं, तो दूर राह्यते, येऊ शकत नाही. अना पुढच्या बारीपासून कोनी नाहीच म्हटलं. म्हटलं, तुया चेतनाचं लगन आहे माघात. पोरीच्या लगनाच्या तोंडावर बापाच्या डोक्यात हे कायले टाकाचं? तू रातभर आपलीच छाती धरून बसशीन. तुले मी वळखतो. बोडीच्या तळ्यात मी बुडालो होतो, अना बेशुद्ध कोन पडलं होतं? तू. काठावर. लोकाइनं मले पान्यातून काढलं अन बैलगाडीत घालून दवाखान्यात तुले नेलं.

केवळराम : आठ वर्साचा होतो मी.

उमराव : मी बी आठचाच होतो.

केवळराम : म्हणजे मी भिऊ नाही म्हणून तू मले जगातूनच काढून टाकलं. शाबास! अन समज, तिथं तुले काही झालं असतं त? मले कोन सांगनार होतं? तो पोऱ्या, चौकातला, जो पेपर टाकते?

उमराव : इतका इचार नव्हता केला.

केवळराम : नाहीच केला. ऐक. एकवीसले मी येतो. माई बी छाती दाखवतो, जे निंगल ते निंगल. भेव वाटतेच आहे मले, कालपासून वाटून राहिलं, खोटं कायले बोलू? पन त्या भेवापेक्षा ते 'कोनी नाही' जास्त लागलं गा. ते इथं लागलं.

उमराव : चुकलं मायं.

केवळराम : चुकलंच. अना माघात मांडवात बसाचं तुले, मोठा बाबा म्हणून. मी एकट्यानं व्याह्याच्या पाया नाही पडनार, आताच सांगून ठेवतो.

उमराव : पन केवळ्या, दोघं एकाच दिवशी गेलो, अना त्याइनं चुकून तुलेच आत नेलं त? थोबाड पाहून?

केवळराम : ठसे घेतीन बोटाचे. जुळ्याइचं तोंड सारखं असते, बोट नसते. वीरेंद्र सांगत होता.

उमराव : माहा ठसा उमटतच नाही.

केवळराम : मंग ज्याचा उमटत नाही, त्याले आत न्या म्हणतो!

उमराव : हासवू नोको, कळ येते.

केवळराम : कळ येते? आताही?

उमराव : थोडीशी. आली का ती? हाव, येऊन राहिली. केवळ्या, तूच सांग तिले. माया तोंडून नाही निंगत.

केवळराम : मी नाही. बायको तुही आहे.

शांतीबाई : घ्या, हात बुडवा यात. लय ऊन नाही. भाऊजी, तुमी काऊन उठले? बसा.

उमराव : शांते, बस जराशी.

शांतीबाई : बोट शेकाचं ना आधी? पानी थंडं होईल.

उमराव : होऊ दे. बस म्हंतो ना. मी नागपूरले गेलो होतो ना, ते मोटरीसाठी नाही गेलो. छातीत दुखे. दवाखान्यात गेलो होतो. ऑपरेशन करा लागते म्हणे. एकवीस तारखेले.

शांतीबाई : ऑपरेशन? छातीचं?

केवळराम : वहिनी, आता लय होतात हे ऑपरेशनं. आमच्या कुडव्यातला श्यामलाल मास्तर, तीन सालाखाली झालं, आता रोज सायकलीनं...

शांतीबाई : तुमी चूप बसा भाऊजी. दीड महिना. दीड महिना मी शेजारच्या सुलोचनाबाईले सांगून राहिली, आमची मोटर दुरुस्त होऊन येनार आहे नागपूरहून. ती पुसे, आली का? मी म्हनो, येतेच आहे. मले काऊन नाही सांगलं तुमी?

उमराव : तू रडशीन म्हणून.

शांतीबाई : अना आता काय करून राहिली मी? हासून राहिली का? रात्री उठून उठून बसत, मी पुसो, काय झालं, त म्हनत गरमी होते. कार्तिकात गरमी! अना मी येडी, पंखा लावून देत जाय.

उमराव : शांते...

शांतीबाई : एकवीस म्हणजे किती दिवस राह्यले?

केवळराम : नऊ.

शांतीबाई : मी बी येते.

उमराव : तू कायले? धान पडलं आहे आखं. मळनी कोन पाह्यल?

शांतीबाई : कापलेलं धान पळून नाही जात. शेजारचा उमेंद्र मळून घेईल, नाही त राहील तसंच पडून. मी तिथं बाहेर बसून राहीन, मले आत जाऊ देओ का न देओ. अना हात बुडवा आता, इतकं पानी तापवलं मी.

केवळराम : तिघं जाऊ. सकाळच्या गाडीनं. हां, बस. आता पूस हात. पाहा, कसा नरम झाला अंगठा. आन इकडं, पाचसहा बारी टेकला की झालं, मंग मायावानी खुल जा...

उमराव : राहू दे.

केवळराम : अरे आता घेऊन राहिली ना मशीन! पाहा, अर्धं भरलं.

उमराव : पुसून टाक ते. चेहऱ्याचंच राहू दे.

केवळराम : आताच त म्हणत होता, कोनाचं बी तोंड पाहून खुलते ते कायचं कुलूप?

उमराव : म्हणत होतो. पन तिथं मले झोपवतीन, केवळ्या. तवा हा फोन तुयाजवळ राह्यजो, अना पोराचा पुण्याहून फोन-मेसेज आला, हिले काही पाहाचं झालं, त माहे डोळे मिटलेले असतीन. तुहे उघडे ठेवजो.